वाचकांचे प्रश्न : समस्थानिक काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

पाणी कुठून आलं, खडक किती जुना, शरीरात चरबी किती, सापडलेला मृतदेह कुठल्या भागातल्या माणसाचा, या सगळ्या प्रश्नांसाठी आज समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, मोजणी होते. या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी दहा इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ऑक्सिजन-१६ आणि ऑक्सिजन-१८ रासायनिकदृष्ट्या एकच असतील, तर निसर्गात ते वेगवेगळे कसे होतात? आणि अहवालात बहुतेक आकडे उणे का असतात?

रसायन एकच, वजन वेगळं. जड अणू असलेला रेणू किंचित सावकाश हलतो आणि त्याचे बंध किंचित घट्ट असतात. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी सुटतात आणि जड मागे राहतात. ढगातून पाऊस पडताना उलट होतं, जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे ढग समुद्रापासून जितका आत, उंचावर किंवा थंडीत जातो, तितका त्याचा पाऊस हलका होत जातो. या प्रक्रियेला फ्रॅक्शनेशन म्हणतात आणि या स्तंभातली बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत.

हा फरक फार बारीक असतो. ऑक्सिजनच्या सुमारे ५०० अणूंत ऑक्सिजन-१८ चा एक. त्या एकाचं प्रमाण नमुन्यागणिक अगदी थोडं बदलतं, म्हणून नुसतं गुणोत्तर न देता ते एका ठरलेल्या स्टँडर्डपेक्षा हजारी किती कमी-जास्त, हे सांगतात. नमुन्याच्या गुणोत्तराला स्टँडर्डच्या गुणोत्तराने भागायचं, त्यातून एक वजा करायचा आणि हजाराने गुणायचं. हीच डेल्टा किंमत. पाण्यासाठीच्या, समुद्राच्या पाण्यावर बेतलेल्या व्हीएसमॉव या स्टँडर्डमध्ये ऑक्सिजन-१८ आणि १६ यांचं गुणोत्तर ०.००२००५२ आहे. तुमच्या विहिरीच्या पाण्यात ते ०.००१९९५२ भरलं, तर डेल्टा साधारण उणे ५. म्हणजे हे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी पाचाने हलकं. गोडं पाणी बहुधा समुद्रापेक्षा हलकंच असतं. झाडंही प्रकाशसंश्लेषणात जड कार्बन मागे टाकतात, म्हणून सागरी जीवाश्मातल्या कार्बोनेटवर बेतलेल्या व्हीपीडीबी स्टँडर्डच्या तुलनेत त्यांचा कार्बनही उणे येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ऑक्सिजनचा आकडा कुठल्या मापावर आहे ते दरवेळी लिहा. व्हीपीडीबीवर शून्य असलेलं कार्बोनेट व्हीएसमॉववर अधिक ३०.९ येतं. माप न लिहिलेला आकडा निरुपयोगी आहे.

प्रश्न : आमच्या विहिरीजवळ तलाव आहे. विहिरीत तलावाचं पाणी झिरपतं की पावसाचं, हे समस्थानिकांवरून ठरेल का? नमुने कसे घ्यायचे?

बहुतेक वेळा ठरतं, आणि कमी खर्चात ठरतं. पण ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही मोजून घ्या. जगभरच्या पावसाच्या पाण्यात या दोघांचं नातं जवळपास एका रेषेवर बसतं. ड्यूटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, डेल्टा म्हणजे ऑक्सिजन-१८ ची डेल्टा गुणिले ८, अधिक १०. भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये ही रेषा मांडली. उघड्या तलावातलं पाणी बाष्पीभवनामुळे या रेषेपासून फुटून वेगळ्या, कमी चढाच्या रेषेवर जातं. तिचा चढ साधारण ४ ते ६ असतो. विहिरीचा बिंदू पावसाच्या रेषेवर बसला तर पाणी थेट पावसाचं समजावं. तो तलावाच्या दिशेने सरकलेला दिसला तर तलावाचा वाटा आहे.

वाटा किती, याचं गणित सोपं आहे. समजा पावसावर पोसलेलं भूजल उणे ६.०, तलाव उणे १.० आणि तुमची विहीर उणे ४.५. विहीर आणि भूजल यांतला फरक १.५, तलाव आणि भूजल यांतला ५.०. भागाकार ०.३, म्हणजे ३० टक्के पाणी तलावाचं. पण तलाव आणि भूजल यांच्या किमती अर्ध्या एककाने इकडे-तिकडे असतील, आणि त्या असतातच, तर हे ३० टक्के सुमारे ८ टक्क्यांनी वर-खाली होऊ शकतात. ‘३०.४ टक्के’ असं छापून आलेलं दिसलं तर त्यातला दशांश दुर्लक्षित करा.

नमुन्यात एकच शत्रू आहे, बाष्पीभवन. ५० ते १०० मिलीलिटरची जाड, उच्च घनतेच्या पॉलिथिनची किंवा काचेची बाटली घ्या. झाकणाच्या आत बूच किंवा शंकूसारखं अस्तर असावं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, शक्य असेल तर पाण्याखाली धरून काठोकाठ भरा आणि हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करा. आम्ल किंवा परिरक्षक घालू नका, गोठवूही नका. बाटली भरल्यावर वजन करून लेबलवर लिहा. प्रयोगशाळेत पुन्हा वजन करा, घट दिसली तर नमुना बाद. पाणी एक टक्का उडालं तरी आकडा मोजणीच्या अचूकतेपेक्षा, म्हणजे सुमारे ०.१ पेक्षा, जास्त सरकू शकतो.

उपसा नसलेल्या विहिरीत किंवा बोअरमध्ये वरचं साचलेलं पाणी भूजलाचं प्रतिनिधी नसतं. पाण्याचा साठा तीनदा बदलेल इतका उपसा करा, किंवा तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत. पावसाचा महिन्याचा एकत्रित नमुना घेताना साठवणपात्रात सुमारे ५ मिलिमीटर द्रवरूप पॅराफिनचा थर ठेवा. लेझर यंत्रावर मोजायचं असेल तर पॅराफिन पाण्यात जाऊ देऊ नका, त्यापेक्षा बारीक नळी तळापर्यंत बुडवलेलं पात्र बरं. तलावाचा नमुना एकदाच घेऊन भागत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसानंतर तलावाची किंमत फार वेगळी असते, आणि विहिरीत आत्ता दिसतंय ते पाणी काही महिन्यांपूर्वीचं असू शकतं.

मोजणारा लेझर विश्लेषक असेल तर प्रत्येक नमुन्याची सहा इंजेक्शनं मागा आणि पहिली दोन-तीन टाकून द्यायला सांगा. आधीच्या नमुन्याचं पाणी यंत्रात चिकटून राहतं. झाडाच्या खोडातून किंवा सांडपाण्याजवळून काढलेल्या पाण्यात मिथेनॉलसारखी सेंद्रिय द्रव्यं असतील, तर लेझर त्यांना पाणी समजून चुकीचा आकडा देतो. अशा नमुन्यांसाठी अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटरच वापरावा.

प्रश्न : ‘ट्रिशियममुळे पाण्याचं वय कळतं’ असं वाचलं. ते किती विश्वासार्ह आहे?

तरुण पाण्यासाठी विश्वासार्ह, पण मर्यादित. ट्रिशियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक आहे आणि त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, १२.३२ वर्षं. वातावरणातल्या अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या पावसात त्याचा कळस १९६३ मध्ये आला. पाण्यात ट्रिशियम अजिबात सापडलं नाही, तर ते पाणी मुख्यतः १९५० च्या दशकाआधी जमिनीत मुरलेलं आहे. सापडलं, तर त्यात निदान काही भाग नवा आहे. यापुढे जाऊन ‘हे पाणी अमुक इतक्या वर्षांचं’ म्हणणं धाडसाचं आहे, कारण विहिरीत अनेक वयांचं पाणी मिसळलेलं असतं. जुन्या पाण्यासाठी विरघळलेल्या कार्बनमधला किरणोत्सारी कार्बन-१४ मोजतात. तिथला खड्डा वेगळा. चुनखडीतून विरघळून आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ उरलेलाच नसतो. असा मृत कार्बन एकूण कार्बनच्या निम्मा असेल, तर पाणी एका अर्धायुकालाने, म्हणजे ५७३० वर्षांनी, खोटंच म्हातारं दिसतं.

प्रश्न : एकाच ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनची दोन वेगळी वयं निघाली. कोणतं खरं?

दोन्ही खरी असू शकतात, आणि दोन्ही चूकही असू शकतात. झिरकॉन या खनिजाचा स्फटिक वाढताना युरेनियमला जागा देतो आणि शिशाला जवळजवळ देतच नाही, म्हणून आज त्यात असलेलं शिसं नंतर युरेनियमपासून तयार झालेलं मानता येतं. युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होतं, अर्धायुकाल ४.४७ अब्ज वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ होतं, अर्धायुकाल ०.७०४ अब्ज वर्षं. एकाच कणात दोन घड्याळं. ती एकमेकांशी जुळली तर वयावर विश्वास ठेवावा. जुळली नाहीत तर आधी शिशाची गळती तपासा. युरेनियमच्या किरणोत्साराने स्फटिकाचा काही भाग मोडतो आणि तिथून शिसं निसटतं. यावरचा उपाय म्हणजे स्फटिक ९०० अंश सेल्सिअसला सुमारे दोन दिवस तापवायचा आणि मग गरम हायड्रोफ्लोरिक आम्लात मोडका भाग विरघळवून टाकायचा. दुसरी शक्यता जास्त रंजक आहे. ग्रॅनाइट वितळताना जुन्या खडकातला झिरकॉन न वितळता तसाच राहतो आणि त्यावर नवा थर चढतो. मधल्या गाभ्याचं वय जुन्या खडकाचं आणि कडेचं वय ग्रॅनाइटचं. लेझरचा ठिपका कुठे टाकायचा हे ठरवण्याआधी कॅथोडोल्युमिनेसन्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली चमकणाऱ्या थरांचं, छायाचित्र घेतलंच पाहिजे. गाभा आणि कड यांच्यावर अर्धा-अर्धा पडलेला ठिपका असं वय देतो, जे कुठल्याच घटनेचं नसतं.

प्रश्न : पोटातल्या जंतूसाठी डॉक्टरांनी ‘कार्बन-१३ ची श्वासचाचणी’ सांगितली आहे. समस्थानिक गिळणं सुरक्षित आहे का? चाचणी चुकू शकते का?

कार्बन-१३ किरणोत्सारी नाही. तुमच्या शरीरातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के आधीच कार्बन-१३ आहे. याच चाचणीचा कार्बन-१४ वापरणारा प्रकारही आहे, तो किरणोत्सारी असतो, जरी मात्रा अल्प असली तरी. कोणता प्रकार आहे ते गर्भवतींनी आणि लहान मुलांच्या पालकांनी विचारून घ्यावं.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरियेज नावाचं विकर तयार करतो. कार्बन-१३ असलेला युरिया, बहुधा ७५ किंवा १०० मिलिग्रॅम, पाण्यातून दिला की हे विकर तो फोडतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड रक्तात जातो आणि श्वासातून बाहेर येतो. आधी एक श्वासाचा नमुना, युरिया प्यायल्यावर साधारण ३० मिनिटांनी दुसरा. दोन्हींतल्या डेल्टाचा फरक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर चाचणी होकारार्थी. ही मर्यादा संचागणिक वेगळी असते, बऱ्याच पद्धतींत ती ४ च्या आसपास ठेवतात.

चूक होते ती प्रामुख्याने तयारीत. ओमेप्रॅझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक व बिस्मथ चार आठवडे बंद नसतील, तर जंतू दबलेला असतो आणि चाचणी खोटी नकारार्थी येते. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. चाचणीला उपाशीपोटी जा. तोंडातल्या काही जिवाणूंकडेही युरियेज असतं, म्हणून युरियाचं द्रावण तोंडात घोळवत न बसता पटकन गिळायचं. दुसरा नमुना फार लवकर घेतला तर तोंडातल्या या जिवाणूंनी केलेला कार्बन डायऑक्साइडच मोजला जातो. पिशवीत किंवा नळीत श्वासाचा शेवटचा भाग जायला हवा. नुसती तोंडातली हवा भरली तर कार्बन डायऑक्साइड इतका कमी असतो की यंत्र नमुना नाकारतं.

प्रश्न : पोषण संशोधनात जड पाणी पाजून शरीरातली चरबी मोजतात म्हणे. पद्धत समजावून सांगाल का? जड पाणी विषारी नाही का?

जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेलं पाणी. प्रौढाला ते ३० ग्रॅम देतात. शरीरातलं पाणी पस्तीस-चाळीस किलो धरलं तर हे हजारी एक भागापेक्षाही कमी. सस्तन प्राण्यांत अपाय दिसतात ते शरीरातल्या पाण्याचा सुमारे पाचवा भाग बदलल्यावर. त्यामुळे या मात्रेत भीतीचं कारण नाही.

तत्त्व सौम्यीकरणाचं आहे. माहीत असलेली मात्रा शरीरभर मिसळू द्यायची आणि किती पातळ झाली ते पाहायचं. आधी लाळेचा नमुना घ्या. मग मात्रा स्ट्रॉने प्यायला द्या, बाटली ५० मिलीलिटर पाण्याने दोनदा विसळून तेही पाजा. तीन आणि चार तासांनी पुन्हा लाळ घ्या. तोंडात कापसाचा बोळा घोळवून तो सिरिंजमध्ये पिळायचा. नमुन्याआधी अर्धा तास काही पिऊ देऊ नका. ड्यूटेरियमचं प्रमाण इन्फ्रारेड यंत्रावर मोजता येतं, मास स्पेक्ट्रोमीटर लागतोच असं नाही.

उदाहरण घेऊ. व्यक्तीचं वजन ६५ किलो, मात्रा ३० ग्रॅम, चार तासांनी लाळेत वाढलेलं जड पाणी किलोमागे ८०० मिलिग्रॅम. ३०,००० भागिले ८००, म्हणजे ३७.५ किलो. ड्यूटेरियमचा थोडा भाग पाण्याबाहेर, प्रथिनांतल्या हायड्रोजनशी अदलाबदल करतो, म्हणून १.०४१ ने भागायचं. पाणी निघालं ३६.० किलो. चरबी वगळता शरीरात ७३.२ टक्के पाणी असतं, म्हणून ०.७३२ ने भागलं की चरबीविरहित वजन ४९.२ किलो. चरबी उरली १५.८ किलो, म्हणजे २४.३ टक्के.

आता बाटलीतून एकच ग्रॅम सांडलं आणि कुणी नोंदवलं नाही असं धरा. चरबीविरहित वजन सुमारे ३.३ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास १.६ किलोने, फुगून दिसेल आणि तितकीच चरबी कमी दिसेल. तीन आणि चार तासांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर मिसळणं पूर्ण झालेलं नाही किंवा मधे पाणी प्यायलं गेलं आहे. सूज किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत ७३.२ टक्के हे गृहीतच चालत नाही, तिथे ही पद्धत वापरू नये.

प्रश्न : ‘एका केसावरून माणूस कुठे राहत होता हे कळतं’ हे कितपत खरं? अनोळखी मृतदेहाच्या तपासात प्रत्यक्षात काय करतात?

केसावरून गाव कळत नाही. केसावरून नकाशाचा मोठा भाग पुसून टाकता येतो. तपासात याचं मोल फार आहे, कारण हरवलेल्यांच्या याद्या लांबलचक असतात आणि शोध कुठे करायचा नाही हे कळलं तरी बराच वेळ वाचतो.

पिण्याच्या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन केसाच्या केराटिन या प्रथिनात जातो, आणि पाण्याची डेल्टा प्रदेशागणिक बदलते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून १२ सेंटिमीटरचा केस म्हणजे अंदाजे मागचं एक वर्ष. डोक्याच्या मागच्या बाजूने पन्नास ते शंभर केसांची बट त्वचेलगत कापा, मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधा आणि तसं लिहून ठेवा. कोणतं टोक मुळाकडचं हे कळलं नाही तर क्रम उलटा लागतो आणि ‘आला’ ऐवजी ‘गेला’ असा निष्कर्ष निघतो. बटीतले साधारण दहा टक्के केस कोणत्याही वेळी वाढ थांबलेल्या अवस्थेत असतात, त्यामुळे कालरेषा थोडी पुसट होतेच. त्यापुढे आठवड्यांच्या अचूकतेचा दावा कुणी केला तर तो मानू नये.

तेल, घाम आणि धूळ घालवण्यासाठी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या दोनास एक मिश्रणात केस धुतात, वाळवतात आणि एक-एक सेंटिमीटरचे तुकडे करतात. कार्बन आणि नायट्रोजनसाठी सुमारे अर्धा मिलिग्रॅम कथलाच्या कॅप्सूलमध्ये, हायड्रोजन आणि ऑक्सिजनसाठी त्याहून कमी चांदीच्या कॅप्सूलमध्ये. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या कॅप्सूल ज्या भट्टीत तापवतात तिचं तापमान १४०० अंशांच्या आसपास असतं.

हायड्रोजनच्या बाबतीत दोन गोष्टी हटकून चुकतात. एक, केराटिनमधला काही हायड्रोजन खोलीतल्या हवेच्या ओलाव्याशी अदलाबदल करत राहतो. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी तोच केस वेगळा आकडा देतो. म्हणून डेल्टा माहीत असलेले केराटिनचे स्टँडर्ड आणि नमुना एकाच ट्रेमध्ये, एकाच खोलीत काही दिवस ठेवतात, एकत्रच वाळवतात आणि एकाच रांगेत मोजतात. पाण्याचं किंवा तेलाचं स्टँडर्ड इथे चालत नाही. दोन, केसात नायट्रोजन भरपूर असल्याने काचसदृश कार्बनच्या भट्टीत थोडा हायड्रोजन हायड्रोजन सायनाइडच्या रूपात निसटतो. क्रोमियम भरलेल्या नळीत हा त्रास टळतो.

लहानपणाबद्दल विचारायचं असेल तर दात बघावे लागतात. पहिल्या कायमच्या दाढेचं एनॅमल जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं, अक्कलदाढेचं शाळेच्या वयात. एकदा तयार झालं की ते बदलत नाही, तर हाडं आयुष्यभर झिजत आणि भरत राहतात. एनॅमलमधलं स्ट्रॉन्शियम जमिनीच्या खडकाची खूण घेऊन येतं. स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर तरुण बेसाल्टवर ०.७०४ च्या आसपास, समुद्राच्या पाण्यात ०.७०९२, जुन्या ग्रॅनाइटवर त्याहून बरंच जास्त. दाताचा बाहेरचा पातळ थर घासून टाकायचा, आतलं डेंटिन येऊ द्यायचं नाही, नायट्रिक आम्लात विरघळवून रेझिनमधून स्ट्रॉन्शियम वेगळं करायचं. रुबिडियम पूर्ण निघालं नाही तर त्याचा ८७ वजनाचा समस्थानिक स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये मिसळतो आणि आकडा वर जातो. एसआरएम ९८७ हे स्टँडर्ड त्याच दिवशी ०.७१०२५ च्या जवळ यायला हवं.

आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या ‘ओत्झी’ या हिममानवाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दात, हाडं आणि पोटातल्या अवशेषांवरून असं दिसलं की त्याचं आयुष्य सापडला त्या जागेपासून सुमारे ६० किलोमीटरच्या आतल्या खोऱ्यांतच गेलं. इतकी बारीक जागा सापडली, कारण तो तिथलंच पाणी प्यायचा आणि तिथलंच खायचा. आजचा माणूस बाटलीबंद पाणी पितो आणि दूरदेशीचं धान्य खातो, म्हणून आजच्या मृतदेहासाठी पट्टा रुंदच राहतो. वयासाठी मात्र आधुनिक माणूसच सोयीचा. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला आणि नंतर उतरत गेला. एनॅमलमधल्या कार्बन-१४ वरून जन्मवर्ष काढण्याची पद्धत २००५ मध्ये मांडली गेली, तिची चूक दीड-दोन वर्षांच्या आत होती. चढाच्या आणि उताराच्या बाजूला एकच आकडा येतो, म्हणून वेगवेगळ्या वयात तयार झालेले दोन दात मोजावेत.

प्रश्न : खेळाडूच्या लघवीतलं टेस्टोस्टेरॉन शरीराचं की बाहेरचं, हे कसं ओळखतात?

रेणू तंतोतंत एकच, म्हणून कार्बन बघावा लागतो. औषधातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनतं आणि त्यात कार्बन-१३ कमी असतो. शरीराने बनवलेल्यात खाण्यानुसार तो थोडा जास्त. आकडा एकट्याने तपासत नाहीत. त्याच लघवीतलं प्रेग्ननडायोलसारखं, टेस्टोस्टेरॉनच्या मार्गात न येणारं संयुग घेतात आणि दोघांतला फरक बघतात. फरक ३ प्रति हजारापेक्षा जास्त भरला तर बाहेरचं. दोन्ही संयुगं क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातली संयुगं एकामागून एक बाहेर काढणाऱ्या यंत्रात, पूर्ण सुटी झाली नाहीत, म्हणजे आलेखावरची त्यांची शिखरं एकमेकांत मिसळली, तर फरक खोटा येतो. जड समस्थानिक शिखराच्या पुढच्या बाजूला आणि हलका मागच्या बाजूला रेंगाळतो, म्हणून अर्धं शिखर मोजणं ही इथली मोठी चूक आहे. काही औषधांचा कार्बन शरीरासारखाच असतो, तिथे ही चाचणी काही सांगू शकत नाही.

प्रश्न : मुलाच्या रक्तात शिसं जास्त निघालं. ते रंगातलं, मातीतलं की पाण्यातलं, हे समस्थानिकांवरून कळेल?

कळू शकतं. पण आधी घरातला पोपडे सुटलेला रंग, धूळ आणि नळाचं पाणी तपासून मुलाला त्यापासून दूर करा, उपचार सुरू करा. समस्थानिकांच्या अहवालाची वाट पाहत थांबू नका.

शिशाचे अणू इतके जड आहेत की शरीरात त्यांचं गुणोत्तर जवळजवळ बदलत नाही. स्रोताची खूण तशीच रक्तात येते. रक्त, रंगाचा खरवडा, फरशीवरची धूळ, अंगणातली माती, पाणी, घरातलं सौंदर्यप्रसाधन आणि भांडी, सगळ्यांत शिसं-२०६ आणि २०७, तसंच २०८ आणि २०६ यांची गुणोत्तरं काढा. एकच गुणोत्तर घेतलं तर दोन स्रोत एकमेकांवर पडण्याची शक्यता वाढते. दोन स्रोतांचं शिसं एकाच खाणीचं असेल तर हा मार्ग बंदच. रक्तात दिसतं ते बहुतांशी मागच्या महिन्या-दोन महिन्यांतलं शिसं. हाडांत साठलेलं शिसंही हळूहळू रक्तात येतं, म्हणून जुना स्रोत काढून टाकला तरी खूण लगेच पुसली जात नाही. रक्ताची नळी शिसंमुक्त असल्याची खात्री करून घ्या, आणि रिकाम्या नळीचाही एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

प्रश्न : तलावाच्या गाळातल्या सेंद्रिय कार्बनची डेल्टा एका प्रयोगशाळेने उणे २५.४ आणि दुसरीने उणे २४.१ दिली. गाळ एकच. कुणाचं खरं?

आधी यंत्रावर संशय घेऊ नका, आम्लप्रक्रियेवर घ्या. गाळातल्या चुन्याच्या कार्बोनेटची डेल्टा शून्याच्या आसपास असते. एकूण कार्बनपैकी फक्त ५ टक्के कार्बन कार्बोनेटमधून राहून गेला तरी उत्तर सुमारे १.३ ने वर सरकतं, आणि तुमच्या दोन अहवालांतला फरक नेमका तितकाच आहे. कार्बोनेट घालवण्यासाठी नमुना चांदीच्या कॅप्सूलमध्ये ओला करून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत ठेवतात. कथलाची कॅप्सूल आम्लात विरघळते. डोलोमाइट हे कार्बोनेट खनिज हट्टी असतं, त्याला जास्त वेळ लागतो. आम्लाने नायट्रोजनची डेल्टा बिघडते, म्हणून नायट्रोजन आम्ल न लावलेल्या वेगळ्या भागावर मोजायचा. नमुना मैद्याइतका बारीक दळलेला नसेल तर एका कॅप्सूलमध्ये शिंपल्याचा कण जातो, दुसऱ्यात जात नाही.

हे सगळं ठीक असेल तर मापाकडे वळा. एकाच स्टँडर्डवर बसवलेला आकडा त्या बिंदूजवळ बरा असतो, लांब गेल्यावर घसरतो. दोन स्टँडर्ड हवीत, आणि नमुना त्यांच्या मधे यायला हवा. कार्बन-नायट्रोजनसाठी यूएसजीएस ४० (कार्बन उणे २६.३९) आणि यूएसजीएस ४१ए (अधिक ३६.५५) ही ग्लुटामिक आम्लाची जोडी बरीच वापरली जाते. तिसरं, या जोडीत न धरलेलं एक स्टँडर्ड अनोळखी नमुना म्हणून रांगेत घालतात, आणि त्याचं उत्तर किती चुकलं हीच प्रयोगशाळेची खरी अचूकता. कॅप्सूलमधला कार्बन फार कमी असेल तर रिकाम्या कॅप्सूलचा कार्बन उत्तर खेचतो, म्हणून रिकाम्या कॅप्सूलही मोजायला लावा.

दोन्ही प्रयोगशाळांना लिहून विचारा : आम्लप्रक्रिया कोणती आणि किती वेळ, कॅप्सूलमध्ये कार्बन किती मायक्रोग्रॅम, कोणती दोन स्टँडर्ड आणि त्यांच्या मानलेल्या किमती, नियंत्रण-स्टँडर्डचं त्या दिवशीचं उत्तर, आणि एकाच नमुन्याच्या किमान तीन मोजण्या. मग उरलेल्या गाळाचे दोन भाग करून, एकावर दुप्पट वेळ आम्लाची वाफ देऊन, दोन्ही भाग एकाच रांगेत मोजायला सांगा. जास्त आम्ल दिलेल्या भागाची डेल्टा आणखी खाली गेली, तर पहिल्या वेळी कार्बोनेट उरलं होतं.